आजोबा कशाने गेले?

डोबरमन पाळणाऱ्यांकडे एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू येते. तपशील बदलतात, पण सांगाडा तोच. पाच-सहा वर्षांचा नर, तुकतुकीत काळा, भिंतीवर डॉग शोमधल्या रिबिनी आणि ढाली. सकाळी चेंडूमागे पळताना मध्येच पाय दुमडून पडतो आणि मालक जवळ पोचेपर्यंत सगळं संपलेलं असतं. आदल्या रात्री तो पोटभर जेवला होता, कुरियरवाल्यावर भुंकला होता. घरचे म्हणतात, कुणीतरी विष घातलं असणार. ब्रीडर, म्हणजे पिल्लांची पैदास करून विकणारा, म्हणतो, ऊन लागलं असेल. शवविच्छेदन करायचं बहुतेकांना सुचत नाही, आणि ज्याला सुचतं त्याला रडत्या घरात ते बोलायचा धीर होत नाही.

या मरणाचं खरं नाव बहुतेक वेळा डायलेटेड कार्डिओमायोपॅथी असतं. डोबरमनवाले त्याला नुसतं डीसीएम म्हणतात. हृदयाचा स्नायू हळूहळू कमजोर होतो. जुना फुगा सैल पडावा तसे हृदयाचे कप्पे पसरतात आणि रक्त जोरात ढकलणं त्यांना जमेनासं होतं. त्याच वेळी हृदयाची ‘वायरिंग’ही बिघडते आणि मधूनमधून भलतेच ठोके पडू लागतात. काही कुत्र्यांना आधी खोकला येतो, दम लागतो, वजन उतरतं. पण डोबरमनमध्ये ज्यांना हा रोग आतून लागलेला असतो त्यांच्यापैकी पाव ते एक तृतीयांश कुत्र्यांत पहिलं आणि शेवटचं लक्षण एकच असतं: अचानक कोसळणं. युरोपातल्या डोबरमनांवरचा एक मोठा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात वाढत्या वयाचा हिशेब धरून रोगाचं प्रमाण ५८ टक्के निघालं. म्हणजे निम्म्याहून जास्त.

रोग वरून दिसत नाही, पण शोधता येतो. कुत्र्याला वास्कटासारखं जाकीट घालून त्यात होल्टर नावाचं यंत्र चोवीस तास बांधतात. ते प्रत्येक ठोका नोंदवतं. चोवीस तासांत ३०० हून जास्त भलते ठोके दिसले तर रोग आहे असं धरतात. ५० ते ३०० असतील तर पुन्हा तपासतात. सोबत सोनोग्राफीसारखी ‘इको’ करतात. तीन वर्षांच्या वयापासून दरवर्षी हे करावं, असा पशुहृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. लवकर कळलं तर पिमोबेंडन नावाचं औषध देता येतं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या औषधामुळे हृदय निकामी होणं किंवा अचानक मरण येणं लांबलं. औषध न मिळालेल्या कुत्र्यांत मधला कालावधी ४४१ दिवसांचा होता, मिळालेल्यांत ७१८ दिवसांचा. बरं होत नाही, मुदतवाढ मिळते.

आता खरा प्रश्न. चॅम्पियन कुत्री म्हणजे निवडून निवडून काढलेली, लाखाची जनावरं. मग त्यांच्यातच हे कसं?

खेडेगावात वाढलेल्यांना हे लवकर कळेल. गावात एकच वळू असतो. देखणा, भरदार, सगळ्यांना त्याचाच वंश हवा. पाच वर्षांनी गावातल्या निम्म्या कालवडी त्याच्याच लेकी निघतात. जाणता शेतकरी तेव्हा त्या कालवडी त्याच वळूकडे नेत नाही. बाहेरगावचा वळू शोधतो, वळू बदलतो. डॉग शोच्या जगात वळू बदलत नाहीत. उलट, जिंकलेल्या नरालाच माद्या आणल्या जातात. मग त्याचे मुलगे जिंकतात आणि त्यांच्याकडे पुन्हा त्याच घराण्यातल्या माद्या येतात. याला ब्रीडर मोठ्या अभिमानाने ‘लाइनब्रीडिंग’ म्हणतात. पिल्लं एकसारखी, साच्यातून काढल्यासारखी येतात, आणि रिंगमध्ये साच्यालाच गुण असतात. सगोत्रात लग्न नको म्हणणाऱ्या आपल्या आजीला हे ऐकवलं असतं तर तिने पदर तोंडाला लावला असता. (मामाच्या मुलीशी लग्न चालतं, हा भाग आजी सोयीने विसरली असती, ते वेगळं.)

आतल्या आनुवंशिकतेचा हिशेब तसा साधा आहे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. विहिरीवर दोन पंप बसवल्यासारखं. एक जळला तरी दुसरा पाणी ओढतो, घरात कुणाला पत्ताही लागत नाही. आपल्या प्रत्येकात असे काही जळके पंप आहेतच. आई-बाप एकमेकांचे लांबचे असतील तर दोघांचा तोच पंप जळलेला असण्याची शक्यता फार थोडी. पण दोघांचे आजोबा एकच असतील तर जळका पंपही एकाच दुकानातून आलेला असू शकतो. मग पिल्लाच्या वाट्याला दोन्ही जळके. २०२१ साली २२७ जातींच्या कुत्र्यांचे जनुकीय नमुने तपासले तेव्हा सरासरी अंतःप्रजनन २५ टक्क्यांच्या आसपास निघालं. सख्ख्या भावा-बहिणीच्या संबंधातून जन्मलेल्या पिल्लात जेवढं यावं, साधारण तेवढं. आणि ही सरासरी आहे. कागदावर आई-बाप अनोळखी दिसले तरी पोटात ते भावंडांइतके जवळचे.

ब्रिटनच्या केनेल क्लबची, म्हणजे शुद्ध जातीच्या कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेची, नोंदवही संगणकात घालून इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २००८ साली दहा जातींचा हिशेब मांडला. सहा पिढ्यांत, तीन जाती सोडल्या तर बाकी सगळ्यांनी आपली दुर्मीळ जनुकीय रूपं ९० टक्क्यांहून जास्त गमावली होती. बॉक्सरचं उदाहरण तेव्हा गाजलं. देशात वीसेक हजार बॉक्सर असतील, पण विविधतेच्या दृष्टीने ती संख्या ७० इतकीच भरत होती. गाव वीस हजारांचं, आडनावं सत्तर.

याच्या मुळाशी एक नियम आहे, ‘बंद नोंदवही’. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केनेल क्लब निघाले आणि ठरलं, की ज्याचे आई-बाप नोंदवहीत आहेत तोच या जातीचा. दार एकदा लागलं ते लागलं. आत जेवढं जनुकीय भांडवल आलं तेवढ्यावरच पुढची शंभर-दीडशे वर्षं काढायची. आणि दर पिढीत दोन-चार ‘स्टार’ नरच ते खर्च करणार.

आता या सगळ्यात वेळेचा सापळा बघा. मला या विषयात सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. नर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी चॅम्पियन होतो. लगेच त्याला मागणी येते. डीसीएम बाहेर पडतो तो बहुतेक वेळा पाच ते दहा या वयात. समजा, मरेपर्यंत त्याला दोनशे पिल्लं झाली. त्याचं काळीज थांबतं तेव्हा त्यातली अर्धी स्वतः आई-बाप झालेली असतात, आणि तो आजोबा होऊन गेलेला असतो. हल्ली गोठवलेलं वीर्य असतं, त्यामुळे तो गेल्यावरही बाप होत राहू शकतो. निसर्गात रोग लवकर मारणारा असेल तर वंश पुढे सरकत नाही, चाळणी आपोआप लागते. इथे रोग चाळणी उलटून गेल्यावर येतो.

मग जनुकांची चाचणी करून का ठरवत नाहीत? डोबरमनसाठी अमेरिकेत दोन जनुकीय खुणा सापडल्या आहेत. पण खूण असलेली कुत्री म्हातारी होऊन मरतात आणि खूण नसलेली तरुणपणी कोसळतात, असंही दिसतं. पहिल्या खुणेचा युरोपातल्या कुत्र्यांत रोगाशी संबंधच लागला नाही. त्यामुळे ‘चाचणी क्लिअर’ हा शब्द विकायला उपयोगी आहे, भरवशाला तेवढा नाही. शिवाय निम्मी जात रोगट असेल तर सगळ्या रोगट कुत्र्यांना एकदम बाजूला काढताही येत नाही. उरलेल्या थोड्या कुत्र्यांतून जात चालवायची म्हणजे सत्तर आडनावांची वीस करायची, आणि मग दुसरा कुठला तरी रोग डोकं वर काढणार.

आता ब्रीडर मंडळी यावर काय म्हणतात?

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हे लोक पैशासाठी डोळे मिटून बसलेत. तसे आहेतच काही. पण शोच्या वर्तुळातले बरेच जण हौशी असतात. प्रवास, एन्ट्री फी, हँडलरचे पैसे, डॉक्टर हे सगळं धरलं तर त्यांच्या हाती फार काही उरत नाही. कुत्रा मेल्यावर ते खरोखर मोडून पडतात. आणि तरी बोलत नाहीत. कारण बोलणाऱ्याचं नुकसान ठरलेलं असतं. मी जाहीर केलं, की माझा चॅम्पियन सहाव्या वर्षी हृदयाने गेला, तर उद्यापासून ‘त्याच्या लाइनमध्ये डीसीएम आहे’ अशी कुजबुज सुरू होते. माझी पिल्लं पडून राहतात. शेजारचा, ज्याचा कुत्रा असाच गेला पण जो ‘विषबाधा’ म्हणाला, त्याची पिल्लं विकली जातात. प्रामाणिक माणसाला दंड आणि गप्प बसणाऱ्याला बक्षीस, अशी रचना असली की लोक काय शिकतात ते वेगळं सांगायला नको. आपल्याकडे स्थळ जमवताना घरातल्या फेफऱ्याची, वेडाची गोष्ट जशी दाबली जाते, तसंच.

दुसरी प्रतिक्रिया रागाची. याचं ठसठशीत उदाहरण इंग्लंडचं आहे. ऑगस्ट २००८ मध्ये बीबीसीवर जेमिमा हॅरिसन यांचा माहितीपट दाखवला गेला. त्यात कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल ही जात ठळकपणे होती. लांब कानांची, मोठ्या डोळ्यांची, मांडीवर मावणारी. या कुत्र्यांची कवटी मागच्या बाजूने आखूड झाली आहे, मेंदूला जागा पुरत नाही. त्यामुळे कण्यातल्या द्रवाचा प्रवाह अडून मज्जारज्जूत पोकळ्या तयार होतात. कुत्रं हवेतच मान खाजवत राहतं, रात्री किंचाळतं. हा रोग निदान झालेला एक विजेता नर तरीही प्रजननाला वापरला जात होता, असं त्या माहितीपटात पुढे आलं. ज्या कॅव्हेलियर क्लबच्या समितीतल्या बाईंनी ते कॅमेऱ्यासमोर सांगितलं, त्यांना त्याच वर्षी मतदान घेऊन समितीतून काढलं. नर वापरणाऱ्याचं काय झालं हा प्रश्न मागे पडला, गोष्ट बाहेर का सांगितली हा पुढे आला.

पण धक्का बसला तो बसलाच. बीबीसीने २००९ पासून क्रफ्ट्स या जगप्रसिद्ध डॉग शोचं प्रक्षेपण थांबवलं. केनेल क्लबने आई-मुलगा, बाप-लेक, भाऊ-बहीण अशा संबंधांतून झालेल्या पिल्लांची नोंद घेणं बंद केलं. होय, २००९ पर्यंत ती घेतली जात होती. २०१२ च्या क्रफ्ट्समध्ये जास्त चिंतेच्या पंधरा जातींच्या विजेत्यांना बक्षीस पक्कं होण्याआधी स्वतंत्र पशुवैद्यांनी तपासायचं ठरलं. पंधरापैकी सहा नापास झाले: पेकिनीज, बुलडॉग, मॅस्टिफ, निआपोलिटन मॅस्टिफ, बॅसेट हाउंड आणि क्लंबर स्पॅनियल. ब्रीडर खवळले. आमच्या जातीलाच का लक्ष्य केलं, दहा मिनिटांत डॉक्टरला काय कळतं, डोळ्यात टॉर्च मारून वर्षभराच्या मेहनतीवर पाणी ओतलं. त्यांच्या बाजूने एक गोष्ट म्हणायला हवी. न्यायाधीशांनी वर्षानुवर्षं ज्या लोंबत्या पापण्यांना गुण दिले, त्याच पापण्यांसाठी एका दुपारी त्यांच्या कुत्र्यांना बाहेर काढलं होतं.

तिसरी प्रतिक्रिया मला सगळ्यात बोलकी वाटते, आणि तिचा नायक आहे डाल्मेशियन, ठिपकेवाला. या जातीत यकृताचं युरिक आम्लाचं काम बिघडलेलं असतं, जवळजवळ शंभर टक्के कुत्र्यांत. लघवीत खडे होतात. नराची मूत्रनळी अडली तर वेळेत उपचार न झाल्यास जीव जातो. सदोष जनुकाची निरोगी प्रत जातीत उरलेलीच नव्हती. म्हणजे आतल्या आत कितीही निवड केली तरी उपयोग शून्य. १९७३ साली रॉबर्ट शायबल या अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञाने एक डाल्मेशियन आणि पॉइंटर या दुसऱ्या जातीचं एक कुत्रं यांचा संबंध घडवला. फक्त एकदाच. नंतर दर पिढीत पुन्हा डाल्मेशियनच. प्रत्येक वेळी पॉइंटरचं रक्त निम्मं होत गेलं: अर्धं, पाव, दोन आणे, एक आणा. निरोगी जनुक मात्र निवडून पुढे नेलं. १९८१ मध्ये त्यातल्या दोन पिल्लांना अमेरिकन केनेल क्लबने नोंदवूनही घेतलं. दिसायला ठिपकेवालाच, लघवी स्वच्छ.

यावर डाल्मेशियन क्लबचे सभासद उसळले. शुद्धतेचं काय? ठिपके लहान आहेत, कडा धूसर आहेत. नोंदणी थांबवण्यात आली आणि मग तीस वर्षं गेली. ब्रिटनमध्ये फियोना नावाच्या अशा एका मादीची नोंद २०१० मध्ये झाली, २०११ मध्ये ती क्रफ्ट्सच्या रिंगमध्ये उतरली, आणि त्याच वर्षी अमेरिकेनेही दार उघडलं. तोवर पॉइंटरचा अंश हजारात एखादा सुद्धा उरला नव्हता. एका जनुकासाठी तीस वर्षं. या तीस वर्षांत किती ठिपकेवाले खड्यांनी तळमळले याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

मग काहीच सुधारत नाही का? सुधारतं, आणि पुन्हा कॅव्हेलियरचंच उदाहरण आहे. या जातीचा दुसरा शाप म्हणजे हृदयाची डावी झडप. ती जाड होते, दार नीट लागत नाही, रक्त मागे गळतं. पाच वर्षांच्या वयात साधारण निम्म्या कुत्र्यांत आणि दहाव्या वर्षापर्यंत जवळजवळ सगळ्यांत डॉक्टरला स्टेथोस्कोपमधून ‘मर्मर’ ऐकू येतो. हृदयरोगतज्ज्ञांनी उपाय सुचवला होता: अडीच वर्षांपर्यंत कुत्रं प्रजननाला वापरू नका, आणि वापरताना त्याच्या आई-बापाचं हृदय वयाच्या पाचव्या वर्षी स्वच्छ होतं का ते पाहा. म्हणजे पिल्लाच्या आजी-आजोबांची चौकशी करा. नियम साधा, पण ब्रीडरला थांबायला लावणारा, म्हणून नावडता. स्वीडनने फक्त स्टेथोस्कोपवर भर देऊन कार्यक्रम राबवला, फरक दिसला नाही. डेन्मार्कने २००२ पासून इको सक्तीची केली. ९९७ कुत्र्यांचा हिशेब २०१६ मध्ये बाहेर आला. आठ-दहा वर्षांत कार्यक्रमातून आलेल्या कुत्र्यांमध्ये झडपेच्या रोगाचा धोका ७३ टक्क्यांनी घटला होता. नॉर्वेने वेगळा रस्ता धरला. प्राणीरक्षण संस्था केनेल क्लबविरुद्ध कोर्टात गेली आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कॅव्हेलियरचं सध्याचं शुद्ध प्रजनन प्राणीकल्याण कायद्यात बसत नाही. इंग्लिश बुलडॉगला मात्र त्याच खटल्यात सूट मिळाली.

इथे एक सावधगिरी. ‘पेडिग्री कुत्री लवकर मरतात, गावठी जगतात’ हे वाक्य इतकं सरळ नाही. ब्रिटनमधल्या ५ लाख ८४ हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास २०२४ मध्ये आला. त्यात शुद्ध जातींचं मध्यम आयुष्य १२.७ वर्षं निघालं आणि संकरितांचं १२. फरक जाती-जातींत होता: लँकशायर हीलर १५.४, फ्रेंच बुलडॉग ९.८, कॉकेशियन शेफर्ड ५.४. त्याआधी २०२२ मध्ये फ्रेंच बुलडॉगचं अपेक्षित आयुष्य साडेचार वर्षं असल्याची बातमी फिरली होती. त्यात एक गोम होती. ही जात अचानक लोकप्रिय झाल्याने त्या वेळी बहुतेक कुत्री वयाने लहानच होती. म्हातारी व्हायला वेळच मिळालेला नसताना मेलेल्यांचं सरासरी वय काढलं की ते कमीच येणार. आकडा खोटा नाही, पण त्यावरून सगळी जात चौथ्या वर्षी मरते असं म्हणता येत नाही.

आपल्याकडे काय? एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर वीसेक वर्षांपूर्वी पगची लाट आली आणि पुण्या-मुंबईच्या मे महिन्यात घोरत, धापा टाकत फिरणारी चपट्या नाकाची पिल्लं घरोघरी दिसू लागली. डोबरमन, रॉटवायलरच्या जाहिरातींत ‘इम्पोर्टेड लाइन’, ‘चॅम्पियन ब्लडलाइन’ हे शब्द आजही भाव वाढवतात. त्याचा अर्थ इतकाच, की युरोपातल्या त्याच मोजक्या नरांपैकी एखाद्याचा नातू किंवा पणतू आपल्या दारात आला. केनेल क्लब ऑफ इंडियाचं सर्टिफिकेट खरं असेल तर ते वंशावळ सांगतं, नावांपुढे ‘सीएच’ म्हणजे चॅम्पियन असं लावलेलं दिसतं. कोण कधी जिंकलं ते त्यात असतं. कोण कधी आणि कशाने गेलं, यासाठी रकाना नाही.

अमेरिकेतल्या डोबरमन क्लबने असा रकाना वेगळा काढला आहे. कुत्रा दहा वर्षांचा झाला की त्याला दीर्घायुष्याचं प्रमाणपत्र मिळतं. आई आणि बाप दोघांनाही ते मिळालेलं असेल तर पिल्लाच्या नावापुढे तशी खूण लागते. दहा वर्षं जगला म्हणून डोबरमनला सर्टिफिकेट द्यावं लागतं, यातच सगळं आलं.

तर पिल्लू घ्यायला गेलात की आई-बाप दाखवा असं सगळेच सांगतात. जरूर बघा, पण ते दोन-तीन वर्षांचे असणार आणि ठणठणीतच असणार. त्यांच्यात अजून काही दिसायची वेळच आलेली नाही. होल्टरचा आणि इकोचा रिपोर्ट मागा, तारीख वाचा, तपासणी वर्षाच्या आतली आहे का पाहा. मग चहा घेताना सहज विचारा, आजोबा कशाने गेले, आजी आहे का अजून. काही ब्रीडर विषय बदलतील, काही चिडतील. एखादा मोबाइल काढेल आणि रिबिनींचे शंभर फोटो वर सरकवून तळाशी असलेला एक दाखवेल: तोंड पांढरं झालेली, अकरा वर्षांची मादी, अंगणात उन्हाला पसरलेली. पिल्लू त्याच्याकडून घ्या, रांगेत वर्षभर थांबावं लागलं तरी.